व्हेंडिंग मशिनमध्ये पाकीट पुन्हा पुन्हा अडकतंय? ते कुठे अडकलंय ते आधी बघा

व्हेंडिंग मशिन भरणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. या कामात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते: पैसे गेले, पाकीट काचेमागे दिसतंय, पण पडत नाही. अडकलेलं पाकीट काढायला मिनिटभर पुरतं. तेच पाकीट त्याच रांगेत दोन दिवसांनी पुन्हा अडकू नये यासाठी मात्र ते नेमकं कुठे आणि कोणत्या कोनात अडकलं होतं हे कळावं लागतं. बहुतेक जण दार उघडल्या उघडल्या पाकीट ओढून काढतात, आणि कारण सांगणारी एकमेव खूण तिथेच पुसली जाते. म्हणून हात लावण्याआधी काचेतून एक फोटो काढा. या लेखातल्या सगळ्या तपासण्या त्या फोटोवर उभ्या आहेत.

लक्षणं

- पाकीट ट्रेच्या काठापर्यंत आलंय, पण वरच्या शिवणीने किंवा कोपऱ्याने स्प्रिंगच्या टोकाला लोंबकळतंय.
- पाकीट पुढे कललंय. डोकं काचेला टेकलंय आणि बूड ट्रेच्या काठावर आहे.
- पाकीट सुटलं, पण खालच्या एखाद्या ट्रेच्या काठावर जाऊन बसलं.
- स्प्रिंग फिरली, पण पाकीट जागचं हललं नाही किंवा अर्धंच सरकलं.
- स्प्रिंग फिरलीच नाही. मोटरची घरघर ऐकू येते, किंवा तीही येत नाही.
- वस्तू खाली पडली, पण ती बाहेर काढायची झडप उघडत नाही.
- रांगेत पाकिटं दिसतायत, तरी मशिन तो नंबर घेत नाही.

पहिल्या तीन लक्षणांत यंत्र बिघडलेलं नसतं. मोटर ठीक असते, मशिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठीक असतो. चूक भरण्यात, पाकिटाच्या आकारात किंवा जुळणीत असते आणि ती अवजारांशिवाय किंवा एखाद्या स्क्रू-ड्रायव्हरने निघते. चौथ्या लक्षणाचं कारण दोन्हीकडे असू शकतं. पाचव्यात मोटरपर्यंत जावं लागतं. शेवटचं लक्षण हे बहुतेक वेळा आधीच्याच एखाद्या अडकण्याचा परिणाम असतं, त्याकडे शेवटी येतो.

मशिन आतून कसं चालतं ते थोडक्यात. मळसूत्रासारखी जी लांब स्प्रिंग दिसते तिला आम्ही कॉइल म्हणतो. कॉइलने एक पूर्ण फेरा घेतला की रांगेतली प्रत्येक वस्तू एका वेढ्याइतकी पुढे सरकते आणि सगळ्यात पुढची काठावरून खाली पडते. मोटरमध्ये एक छोटा स्विच असतो, फेरा पूर्ण होताच तो मोटर थांबवायला सांगतो. म्हणजे मशिनला कळतं ते एवढंच, की फेरा झाला. वस्तू खरंच पडली का, हे कळायला वेगळा सेन्सर लागतो आणि तो प्रत्येक मशिनमध्ये नसतो. सेन्सर नसलेलं मशिन पाकीट लोंबकळत असतानाही विक्री झाली असंच धरतं, म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत.

तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बाहेर उभे असाल तर

आधी दहा-पंधरा सेकंद थांबा. सेन्सर असलेली मशिनं वस्तू पडली नाही असं दिसलं की कॉइल थोडी आणखी फिरवून बघतात, आणि तरीही काही पडलं नाही तर पैसे परत करतात. ही प्रक्रिया चालू असताना लोक घाईने दुसरं बटण दाबतात आणि गोंधळ वाढतो.

मग नाणी परत घ्यायचं बटण किंवा खटका दाबा. झडप उघडून खालच्या खणात बघा. वस्तू पडलेली असूनही झडप उघडत नसेल तर ती जोराने ढकलू नका. अनेक मशिनांत बाहेरची झडप उघडली की आतून एक पडदा वर येऊन वाट बंद करतो, म्हणजे कुणाला हात घालून माल काढता येऊ नये. उभी राहिलेली वस्तू नेमकी त्या दोघांमध्ये अडकते. झडप पूर्ण बंद होऊ द्या आणि पुन्हा हळू उघडा. वस्तू आडवी झाली की वाट मोकळी होते.

तीच वस्तू पुन्हा विकत घ्यावी का, हे मला कायम विचारलं जातं. माझं उत्तर लक्षणावर अवलंबून आहे. पाकीट नुसतं कॉइलच्या टोकाला लोंबकळत असेल, तर पुढच्या फेऱ्यात मागचं पाकीट त्याला रेटतं आणि पुष्कळदा दोन्ही पडतात. पण पाकीट काच आणि ट्रे यांच्यामध्ये तिरकं फसलं असेल तर पुन्हा पैसे घालू नका. मागचं पाकीट त्याच्यावर जाऊन बसतं, आधीचं आणखी घट्ट होतं, आणि तुमचे दुप्पट पैसे आत राहतात. वरच्या रांगेतली जड वस्तू पाडून खालचं पाकीट मोकळं करण्याची युक्तीही लोक करतात. कधी साधतं. मी मात्र ती सुचवत नाही, कारण न साधल्यास दोन रांगा बंद पडतात.

आता जे सांगतो ते कृपा करून नीट वाचा. मशिन हलवू नका, पुढे ओढू नका, तिरकं करू नका, काचेवर खांद्याने धक्के देऊ नका. काचेचं दार असलेलं खाऊचं मशिन रिकामंसुद्धा साधारण २५० ते ४०० किलोचं असतं, आणि शीतपेयांनी भरलेलं मशिन त्याहून जड. ते पुढे कललं की एका मर्यादेनंतर माणसाच्या ताकदीने सावरत नाही. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७८ ते १९९५ या काळात मशिन अंगावर पडून झालेले ३७ मृत्यू आणि ११३ जखमी नोंदवले आहेत. माणसावर पडणाऱ्या मशिनचं चित्र असलेलं इशाऱ्याचं लेबल तुम्ही पाहिलं असेल, ते उगाच चिकटवलेलं नाही. आणि हलवून उपयोगही होत नाही: काचेला टेकलेलं पाकीट धक्क्याने आणखी खाली फसतं.

झडपेतून हात घालून वर पोहोचायचा प्रयत्नही करू नका. मनगट आतल्या पडद्याखाली जातं, बाहेर काढताना अडकतं. कुणाचा हात आधीच अडकला असेल तर ओढाताण न करता मशिनचा प्लग काढा आणि मदत बोलवा.

पैसे परत मिळवायचे असतील तर मशिनचा क्रमांक, वस्तूचा नंबर, वेळ आणि पैसे कसे दिले ते लिहून ठेवा, आणि काचेतून फोटो काढा. मशिनवर चिकटवलेल्या क्रमांकावर ही माहिती दिली की तुमची विक्री आम्हाला नोंदीत सापडते. कार्डने किंवा मोबाइलने पैसे दिले असतील तर वेळ फार महत्त्वाची. बहुतेक मशिनांत पैसे घेणारं उपकरण आणि मुख्य बोर्ड एमडीबी नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात. बोर्डाने 'विक्री फसली' असा निरोप दिला तर व्यवहार रद्द होतो, 'विक्री झाली' असा दिला तर पक्का होतो. सेन्सर नसलेला बोर्ड 'विक्री झाली' हाच निरोप देतो, त्यामुळे ते पैसे माणसालाच परत करावे लागतात.

चावी तुमच्याकडे असेल तर

दार उघडा, पण कॉइल हाताने उलटी फिरवून पाकीट सोडवू नका. मोटरचे गिअर लहान असतात आणि बाहेरून दिलेल्या पिळाने त्यांचे दाते जातात. पाकीट थोडं वर उचलून पुढे घ्या, सुटतं. ते पाकीट पुन्हा रांगेत लावू नका. त्याचे पैसे कुणीतरी दिलेले आहेत आणि त्याची शिवणही दुमडलेली असते.

पहिली तपासणी भरण्याची. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा कारण इथेच सापडलं आहे, आणि याला खर्च शून्य. प्रत्येक घरात, म्हणजे दोन वेढ्यांमधल्या जागेत, एकच पाकीट हवं. बूड ट्रेवर टेकलेलं हवं, कॉइलच्या तारेवर चढलेलं नको. खालची शिवण तारेखाली गेली की कॉइल फिरताना पाकीट पुढे ढकलण्याऐवजी खाली ओढते. पाकीट किंचित मागे कललेलं असावं, कारण पुढे कललेलं पाकीट काठावर पोचण्याआधीच काचेला जाऊन भिडतं.

एका मशिनची तक्रार नेहमी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी यायची, नंतर आठवडाभर काही नाही. मी मोटर बदलली, कॉइल बदलली. शेवटी भरणाऱ्या माणसाशेजारी उभा राहून बघितलं. रांगेत एक जास्त मावावं म्हणून तो शेवटच्या वेढ्याच्या पुढे, मोकळ्या काठावर एक पाकीट उभं करत होता. त्या पाकिटामागे कॉइलचा रेटा नव्हताच. पहिल्या विक्रीत ते नुसतं कलायचं आणि मागच्याला अडवायचं. ते एक पाकीट कमी केलं आणि तक्रार बंद झाली. तेव्हापासून मी अवजारांची पेटी उघडण्याआधी मशिन कोण आणि कसं भरतं ते विचारतो.

दुसरी तपासणी पाकिटाच्या आणि कॉइलच्या मापाची. कॉइलला जितके वेढे जास्त, तितकं एकेक घर अरुंद. समजा कॉइलची लांबी ५० सेंटिमीटर आहे: १० वेढ्यांच्या कॉइलमध्ये एका घराला ५ सेंटिमीटर मिळतात, २० वेढ्यांच्या कॉइलमध्ये अडीच. वस्तू घरात अलगद बसायला हवी. दाबून बसवावी लागली तर ती सुटताना तारेला धरून राहते. फार पातळ असेल तर घरात आडवी-तिडवी होते आणि काठावर वाटेल तशी पोचते. उंचीही बघा. पाकिटाचं डोकं आणि वरचा ट्रे यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत, नाहीतर सुटताना पाकिटाला वळायला जागा मिळत नाही.

इथे एक गोष्ट सहज निसटते. कंपनी पाकिटाचा आकार बदलते, नाव आणि चित्र तेच राहतं, आणि वर्षभर बिनतक्रार चाललेली रांग एकाएकी अडकू लागते. उंच जागीही असंच होतं. पाकिटात वायू भरून ते सीलबंद केलेलं असतं. डोंगरावर बाहेरचा हवेचा दाब कमी, त्यामुळे तेच पाकीट फुगतं आणि खाली व्यवस्थित बसणारं वर घरात घट्ट होतं. अशा ठिकाणी कमी वेढ्यांची कॉइल लावणं हाच उपाय आहे. पाकिटाला टोचून हवा काढायचा विचारसुद्धा करू नका, आतला माल खराब होतो. चॉकलेटच्या बाबतीत फुगण्याऐवजी उष्णतेचा त्रास असतो. ते मऊ झालं की ट्रेला चिकटतं, कॉइल फिरते आणि वस्तू जागची हलत नाही. ओलसर फडक्याने ट्रे पुसून कोरडा करा आणि आतलं तापमान बघा.

तिसरी तपासणी ट्रे पूर्ण आत बसलाय का याची. याला पाच सेकंद लागतात, पण हिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे मी स्वतः एका मशिनकडे तीन फेऱ्या मारल्या आहेत. भरताना ट्रे पुढे ओढतात आणि परत ढकलतात. तो बोटभर बाहेर राहिला की दोन गोष्टी होतात. काच आणि ट्रेमधली पडायची वाट तेवढी अरुंद होते, म्हणजे वरून सुटलेली पाकिटंसुद्धा या ट्रेच्या काठावर येऊन बसतात. आणि ट्रेमागचा विजेचा जोड नीट न बसल्याने पूर्ण ट्रेच्या मोटरी बंद पडू शकतात. पाकीट खालच्या ट्रेवर अडकलेलं दिसलं तर मी वरच्या रांगेकडे बघतच नाही, आधी तो खालचा ट्रे ढकलून बघतो. भरलेला ट्रे बाहेर काढताना मात्र दोन्ही हातांनी धरा, तो वाटतो त्यापेक्षा जड असतो.

चौथी तपासणी कॉइलच्या टोकाची. लोंबकळणाऱ्या पाकिटांसाठी हीच खरी दुरुस्ती, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. फेरा संपल्यावर कॉइलचं पुढचं टोक घड्याळाच्या काट्यासारखं एका दिशेला थांबतं. बहुतेक मशिनांत ते कारखान्यातून सहाच्या ठिकाणी, म्हणजे खाली, लावलेलं असतं. वस्तू कधी सुटणार हे त्या टोकावर ठरतं. टोक लवकर निघून गेलं तर फेरा संपायच्या आत वस्तू मोकळी होते आणि उरलेला रेटा तिला पाडायला उपयोगी पडतो. उशिरा निघालं तर फेरा संपताना वस्तू अजून तारेवरच असते. कॉइल मागच्या जोडातून सोडवून थोडी फिरवून पुन्हा बसवली की टोकाची जागा बदलते. एका वेळी पाव फेराच बदला आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी घ्या. सगळ्या वस्तूंना चालेल अशी एक जागा नसते. हलकं फुगीर पाकीट आणि जड अरुंद बार यांना वेगवेगळी जागा लागते, म्हणून मी दाराच्या आत एक कागद चिकटवतो आणि कोणत्या नंबराला टोक कुठे ठेवलंय ते लिहितो. पुढच्या माणसाचे श्रम वाचतात.

एवढं करूनही पाकीट टोकाशी घुटमळत असेल तर कॉइलच्या पुढच्या टोकावर बसणारा प्लास्टिकचा ढकल्या लावा. तो शेवटच्या क्षणी पाकिटाच्या पाठीला दोन बोटं जास्त रेटा देतो. अरुंद, उंच वस्तू बाजूला कलत असतील तर रांगेच्या कडेला लावायची आधारपट्टी मिळते. रुंद वस्तूला एका कॉइलने एकाच बाजूने ढकललं जातं आणि ती वळते. तिथे उलट-सुलट फिरणाऱ्या दोन कॉइलची जोडी हवी.

मशिन सपाटीत आहे का हेही बघून घ्या. पाणसळ ट्रेवर आडवी ठेवा, मग उभी. एका बाजूला कल असेल तर रांगेतल्या सगळ्या वस्तू त्याच बाजूला झुकतात, आणि एकाच मशिनच्या बऱ्याच रांगा एकाच दिशेने अडकत असतील तर मला पहिला संशय हाच येतो. पाय स्क्रूने वर-खाली होतात, पण भरलेलं मशिन एकट्याने उचलून पाय फिरवू नका.

सेन्सर आणि मोटर

पडणाऱ्या वस्तूचा सेन्सर म्हणजे खालच्या खणाच्या वर दोन बाजूंना समोरासमोर बसवलेल्या पट्ट्या. एकीतून अवरक्त किरण निघतात, दुसरीवर पोचतात. वस्तू पडताना किरण तुटले की विक्री झाली असं नोंदवलं जातं. पट्टीवर धूळ बसली, कुणी तिच्यावर स्टिकर लावला किंवा तिच्यावर थेट ऊन पडू लागलं की ती चुकते. मग वस्तू पडूनही पैसे परत जातात, किंवा कॉइल जादा फिरून दोन वस्तू पडतात. मऊ कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसा. ओरखडे पडतील असं काही वापरू नका.

आता त्या शेवटच्या लक्षणाकडे. फेरा होऊनही वस्तू पडली नाही तर अनेक मशिनं तो नंबर स्वतःहून बंद करतात, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकू नयेत. पाकीट काढलंत तरी नंबर बंदच राहतो. दाराच्या आतलं सेवा-बटण दाबून यादीतून तो पुन्हा चालू करावा लागतो. त्याच यादीत चाचणी-विक्री असते. पैसे न घालता एका रांगेची मोटर चालवून बघता येते.

चाचणीत कॉइल नीट फिरली तर मोटर सोडा आणि मागच्या तपासण्यांकडे परत जा. मोटर घरघरते पण कॉइल फिरत नाही, तर बहुतेक वेळा दोघांना जोडणारा प्लास्टिकचा जोड तडकलेला असतो. कॉइल फिरत राहते आणि थांबत नाही, किंवा दर वेळी वेगळ्या जागी थांबते, तर फेरा मोजणारा स्विच गेला आहे. काहीच आवाज नसेल तर शेजारच्या रांगेची मोटर चालवून बघा. तीही गप्प असेल तर पुन्हा ट्रेचा मागचा जोड तपासा. फक्त हीच गप्प असेल तर मोटर किंवा तिची वायर. मोटर बदलणं सवयीच्या माणसाला जमतं, पण आधी मशिन बंद करून प्लग काढा. ट्रेच्या मोटरी कमी दाबाच्या विजेवर चालत असल्या तरी त्याच पेटीत मुख्य वीजपुरवठा आलेला असतो.

इथे थांबा आणि तंत्रज्ञाला बोलवा

सगळ्या ट्रेच्या मोटरी एकदम बंद असतील, वीजपुरवठ्याच्या पेटीतून जळका वास येत असेल, पडद्यावर बोर्डाच्या चुकीचा संकेत येत असेल, तर पुढे जाऊ नका. थंड करणाऱ्या यंत्रणेचे पाइप किंवा कॉम्प्रेसर उघडू नका. काचेला तडा दिसला तर भरणं आणि विक्री दोन्ही लगेच थांबवा. लिफ्टने वस्तू खाली आणणाऱ्या मशिनमध्ये लिफ्ट मध्येच थांबली असेल तर ती हाताने ओढू नका. तिचा पट्टा आणि जागा ओळखणारे सेन्सर बिघडले की दुरुस्ती कितीतरी महाग पडते. मशिन डुगडुगत असेल किंवा भिंतीला बांधलेला आधार सुटला असेल तर लोकांना जवळ येऊ न देता ते काम दोन-तीन जाणकारांवर सोपवा. आणि वरच्या सगळ्या तपासण्या करूनही तीच रांग आठवड्यात तिसऱ्यांदा अडकली, तर चौथ्यांदा तेच करत बसू नका.

फोन करताना मशिनचं मॉडेल, रांगेचा नंबर, पाकिटाचं माप, कॉइलचे वेढे, टोक कुठे थांबतं आणि चाचणी-विक्रीत काय झालं एवढं सांगा. सुरुवातीला काढलेला फोटोही पाठवा. तंत्रज्ञ योग्य माप असलेली कॉइल किंवा मोटर सोबत घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. तो येईपर्यंत सेवा-यादीतून तो नंबर बंद ठेवा, रांगेतलं पहिलं पाकीट काढून घ्या आणि काचेवर ठळक अक्षरांत लिहा, की ही रांग बंद आहे.